एक प्रकारचे वस्त्र (३)

रविवारच्या पुरवणीत ‘एक प्रकारचे वस्त्र’ असा क्लू दिसला की आधी कंसातला आकडा बघायचा. दोन असेल तर शेला, कद, खण, पंचा, बंडी. चार असेल तर पीतांबर, उपरणे, बाराबंदी, चंद्रकळा. आणि तीन असेल तर पेन्सिल बाजूला ठेवून चहाचे आधण ठेवलेले बरे. तीन अक्षरी वस्त्रांना मराठीत अंतच नाही. लुगडे, पातळ, धोतर, पैठणी, मुकटा, धाबळी, पासोडी, गोधडी, वाकळ, कोपरी, पैरण, डगला, झबले, टोपडे. कोडेकाराने अख्खी ट्रंक उघडून समोर ठेवायची आणि म्हणायचे, यातले एक सांगा. याला कोडे म्हणत नाहीत.

०

मराठी कोड्यात एका घरात अख्खे अक्षर बसते, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे घेऊन. इंग्रजीत स्वर वेगळ्या घरात आणि व्यंजन वेगळ्या घरात, त्यामुळे तिथे शब्दाला शब्द सहज छेदून जातो. आपल्याकडे चंद्रकळा भरली की घरे होतात चं, द्र, क, ळा. त्या ‘द्र’वर संपणारा उभा शब्द इंद्र चालेल, समुद्र चालेल, निद्रा चालणार नाही, कारण तिथे काना आहे. ‘चं’पासून चंपक खाली जाईल, चमेली जाणार नाही. मग कोडेकार बिनमात्रांच्या साध्या अक्षरांमागे धावतो आणि त्याच्या हाती लागतात कद, खण, पट, पदर, मलमल, मखमल, इरकल, करवत. जुनी वस्त्रे कोड्यांत इतक्या वेळा येतात त्याचे मला दिसणारे कारण हे. कोडेकाराला कापडाचे प्रेम असते असे मुळीच नाही.

०

आडवा १४: सोवळ्याचे लोकरी वस्त्र (३).

मधले अक्षर ‘ब’ आले होते, शेवटचे ‘ळी’. कांबळीही बसते, धाबळीही बसते. पहिल्या घरातून खाली जाणारा शब्द अडलेला. मावशीला फोन लावला.

“मावशी, सोवळ्यातलं वस्त्र, तीन अक्षरी.”

“मुकटा.”

“लोकरीचं.”

“मग धाबळी. का गं, कुणाचं काय आहे घरी?”

कुणाचे काही नव्हते, पण मावशीने पुढे बरेच सांगितले. रेशीम आणि लोकर यांना सहजासहजी विटाळ होत नाही असे मानत. सुती वस्त्र मात्र रोज धुवायचे, काठीने उंच वलणीवर टाकायचे आणि वाळेपर्यंत त्याला कुणी शिवायचे नाही. पावसाळ्यात ते वाळणार कसे? ज्या घरात रेशमी मुकटा किंवा कद परवडत असे तिथे प्रश्न नव्हता. बाकीच्या घरांत धाबळीवर भागे. ती टोचे, तिला ओला वास येई आणि मुंजा मुलगा ती नेसून जेवायला बसला की त्याचे अर्धे लक्ष खाजवण्यात जाई. त्या सोवळ्याने कुणाकुणाला ओसरीच्या खालीच उभे ठेवले तो हिशेब वेगळा, आणि मावशी तोही मांडते.

हा क्लू चांगला होता. ‘सोवळ्याचे’ या एका शब्दाने कांबळी बाद झाली, ‘लोकरी’ने मुकटा. ‘एक लोकरी वस्त्र’ एवढेच लिहिले असते तर घोंगडीसुद्धा दारात येऊन उभी राहिली असती.

०

घोंगडी दारात आलीच आहे तर तिच्याबद्दल. तिचा क्लू ठरलेला, ‘धनगराचे पांघरूण’. पांघरूण धनगराचे खरे, मेंढीही त्याची, पण विणणारा बहुतेक ठिकाणी सणगर. दख्खनी मेंढीची राठ लोकर, हातमाग आणि विणून झाल्यावर चिंचोक्याची खळ. त्या खळीने घोंगडीला ताठपणा येतो. ‘चिंचोक्याची खळ खाते’ असा क्लू दिला तर निम्मे लोक चिडतील आणि निम्मे जन्मभर विसरणार नाहीत.

०

म, रिकामे घर, म, ल. मऊ कापड (४).

मलमल की मखमल? दुसऱ्या घराला छेद देणारा शब्द नसेल तर सरळ नाणे उडवा. वास्तविक दोन कापडांत साम्य फक्त अक्षरांचे. मलमल म्हणजे बारीक सुताचे साधे, विरळ विणलेले कापड, ज्याची कीर्ती ढाक्याने जगभर नेली. मखमलीत पायाच्या विणीवर जादा धाग्यांचे वेढे उभे करतात आणि ते कापतात, म्हणून हात फिरवला की एका बाजूने लव झुकते आणि रंग बदलल्यासारखा दिसतो. मलमलीचा कुडता वैशाखात घालतात. मखमलीचा घालून बघा. एवढा फरक असताना ‘मऊ कापड’ लिहून मोकळे होणाऱ्याला मी कोडेकार मानत नाही.

०

असाच दुसरा जोड, मशरू आणि हिमरू. दोन्ही तीन अक्षरी, दोन्हींच्या शेवटी ‘रू’, आणि दोन्ही औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, विणली गेली. ‘औरंगाबादचे प्रसिद्ध कापड’ या क्लूवर बहुतेक लोक हिमरू भरतात, कारण तो शब्द निदान सहलीच्या बसमधल्या गाइडने कानावर घातलेला असतो.

हिमरू ही किनखाबाची स्वस्तातली बहीण. किनखाबात सोन्याचांदीची जर. हिमरूत सुती ताणा आणि नक्षीपुरते रेशीम. उलट बाजूने पाहिले तर नक्षीचे सुटे धागे लोंबताना दिसतात, म्हणून त्याच्या जाकिटाला अस्तर लागतेच. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेला हलवली तेव्हा त्याच्यामागून विणकर आले, असे हिमरूवाले सांगतात.

मशरूची गंमत निराळी. त्याचा ताणा रेशमी आणि बाणा सुती, आणि वीण अशी की दर्शनी बाजूला फक्त रेशीम दिसते, अंगाला लागते ते सूत. धर्मशील मुसलमान पुरुषाने शुद्ध रेशीम अंगाला लागू देऊ नये असा संकेत होता. विणकराने दोन्ही बाजू सांभाळल्या, खानसाहेबांचा रुबाब आणि मौलवींचे समाधान. आता क्लू असा द्या: ‘लोकांना रेशीम, अंगाला सूत (३)’. माणूस अडेल, कोश उघडेल आणि काहीतरी घेऊन उठेल.

०

डोक्याला बांधायचे वस्त्र (३). पगडी, पटका, मंदील, पागोटे, मुंडासे. पाच उत्तरे, पाचही कोशात सापडणारी.

पगडी खरे तर या यादीत बसूच नये. ती बांधून तयार मिळते, टोपीसारखी चढवायची आणि खुंटीवर काढून ठेवायची. ती बांधणारा पगडबंद हा स्वतंत्र कारागीर. पागोटे रोज नव्याने गुंडाळायचे. मंदिलात जर असते, म्हणून तो दरबारात आणि लग्नात. मुंडासे शेतावर, बाजारात, कसेही आवळलेले. माणूस कोण आणि चालला कुठे हे एकेकाळी त्याच्या डोक्याकडे पाहून कळे. कोडेकाराला तेवढेच सांगायचे असते आणि तेवढेच तो सांगत नाही.

०

छापील शब्दकोड्याचा जन्म १९१३ सालच्या २१ डिसेंबरचा. न्यू यॉर्क वर्ल्ड या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन याने हिऱ्याच्या आकाराचे पहिले कोडे दिले. बहुतेक क्लू शाळकरी मुलालाही जमतील असे होते. पण त्यांतच एक होता, ‘गोमुटी ताडाचा तंतू’, इंग्रजीत तीन अक्षरे. उत्तर, डोह. हा आग्नेय आशियातला ताड. त्याच्या खोडावर काळे, राठ केस येतात. त्यांचे दोर वळतात, झाडू करतात. न्यू यॉर्कमध्ये रविवारी सकाळी न्याहारीला बसलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल? म्हणजे ज्याचे नाव कुणी ऐकलेले नाही असा धागा आणून रिकामी घरे भरायची ही खोड कोड्याला पाळण्यातलीच आहे. आपल्या कोडेकारांना मी उगाच झोडपते असे वाटले की मला हा डोह आठवतो आणि राग थोडा उतरतो. थोडाच.

०

इंग्रजी कोडी सोडवणाऱ्यांना एक शब्द न शिकवता येतो, एरी. आसामचे रेशीम, इंग्रजीत तीनच अक्षरे आणि त्यांतले दोन स्वर, म्हणजे कोडेकाराला लॉटरी. हा किडा एरंडाच्या पानांवर वाढतो, त्यावरूनच त्याचे नाव. त्याचा कोश एका टोकाला उघडा असतो, पाखरू उडून गेल्यावर उरलेल्या कोशातून कापसासारखे सूत काढता येते, म्हणून किडे न मारता मिळणारे रेशीम अशी त्याची ख्याती. न्यू जर्सीतल्या आजोबांना एरी माहीत असते आणि पुण्यातल्या माझ्या भाचीला नसते. आजोबा आसामला गेलेले नसतात. त्यांनी कोडी सोडवलेली असतात.

इंग्रजी कोड्यांत आपल्या बाजूचा माल भरपूर सापडतो. गोणीची गनी झाली, छिटाचे चिंट्झ, बांधणीचा बँडाना, टसरचे टसोर. जाडेभरडे कापड ते डंगरी. त्याचा संबंध मुंबईच्या डोंगरीशी जोडतात. तेच नाव पुढे खिसेवाल्या कामगारी पोशाखाला चिकटले आणि पोरीबाळींच्या फॅशनमधून डोंगरीला परत आले. या शब्दांच्या बाबतीत मराठी माणसाला इंग्रजी कोड्यात घरचे मैदान मिळते, याचा फायदा घ्यावा.

०

लंडनच्या टाइम्सने १९३० साली कोडे सुरू केले. त्या घराण्यातली वळणदार कोडी कापडावर फार जगतात. फेल्ट म्हणजे नमदा, आणि ‘वाटले’ हेही. ड्रिल म्हणजे कवायत आणि गणवेशाचे जाड कापड. लॉन म्हणजे हिरवळ आणि झिरझिरीत सुती. डक म्हणजे बदक आणि किंतान. एका शब्दाची दोन घरे दाखवायची आणि सोडवणाऱ्याला भलत्या घरात पाठवायचे, हा खेळ.

मराठीत हा खेळ फारसा कुणी खेळत नाही. वास्तविक आपल्या कापडाच्या शब्दांइतका या खेळाला लायक माल दुसरा नाही. वहीच्या मागच्या पानावर मी काही करून ठेवले आहेत. उत्तरे शेजारीच देते, कारण पुढच्या रविवारपर्यंत वाट बघायला लावण्याचा दुष्टपणा मला जमत नाही.

नदीला असतो, लुगड्यालाही (२). काठ.

कपाटाचा ओढा, चोळीचा शिवा (२). खण.

आमटी अशी नको, बाईला असे हवे (३). पातळ.

पोलीस काढतात, कोष्टी चालवतात (२). माग.

मराठी माणूस मिरवतो, विणकर आडवा घालतो (२). बाणा.

शनीची भोगायची, धोतराची कातरायची (२). दशा.

शेवटचा मला स्वतःला आवडला. दशा म्हणजे विणून संपल्यावर कापडाच्या टोकाला उरलेली सुटी सुते. हल्ली दशा म्हटले की लोक ज्योतिषाकडे धावतात.

०

दशेवरून दशी. एका दिवाळी अंकातल्या कोड्यात क्लू होता, ‘बीजेच्या चंद्राला वाहतात (२)’. फूल? बेल? मग लक्षात येते की बीजेची कोर दिसली की जुन्या बायका पदराचे किंवा लुगड्याच्या टोकाचे एखादे सूत काढून चंद्राला वाहत. ती दशी. जुने सूत घे आणि नवे वस्त्र दे, असे मागणे त्यामागे असल्याचे सांगतात. व्यवहार चोख. वस्त्राविषयीचा मराठी क्लू मला यापेक्षा चांगला अजून भेटलेला नाही. त्यात ‘वस्त्र’ हा शब्दच नाही.

०

‘लुगडे’ हा शब्द कोड्यात फार येतो. बोलताना मात्र ते लुगडं असते. लुगडे नेसणारी बाई तोंडाने लुगडे म्हणत नाही, आणि लुगडे म्हणणारी ते नेसत नाही. कोडेकाराला शेवटच्या घरात ‘डे’ लागते म्हणून व्याकरण आठवते. किनखाब की किनखाप, इरकल की इलकल, हे वाद तर छेद देणाऱ्या शब्दाच्या सोयीनेच मिटतात. दोन्ही रूपे कोशात असतील तर तक्रार करता येत नाही. मी तरी करते.

०

पैठणी आता कुणाला अडत नाही. टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’ने ती घराघरांत पोचवली आणि ‘वहिनी, पैठणी’ हे समीकरण आजीपासून नातीपर्यंत पाठ झाले. अडतात ते पैठणीच्या पोटातले शब्द. शिरोदक म्हणजे शुभ्र पैठणी. राघू म्हणजे पोपटी. काळी चंद्रकळा म्हणजे काळे अंग आणि लाल काठ. पदरावर बांगडी मोर, मुनिया, असावली, हुमा परिंदा. काठ नारळी असतो किंवा मुनियांचा.

यांतला शिरोदक कोडेकारांचा लाडका, कारण शि सोडला तर सगळी अक्षरे बऱ्यापैकी सोपी. त्याचे जुने रूप क्षीरोदक, दुधासारखे पांढरे. क्लू नेहमी ‘पांढरे रेशमी वस्त्र’. ठीक आहे. पण पैठणी म्हणजे नेमके काय याचा क्लू मला कधी दिसला नाही. पदराच्या नक्षीत एक धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची स्वतंत्र छोटी कांडी, ती आपल्या रंगाच्या हद्दीपुरतीच फिरते आणि हद्दीवर शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून मागे वळते. म्हणून पदराची उलट आणि सुलट बाजू जवळजवळ सारखी दिसते. दुकानात पदर उलटून पाहा. मागे धाग्यांचे जंजाळ लोंबत असेल तर दुकानदाराशी भावाबद्दल बोलायला हरकत नाही.

०

सुताराचे हत्यार, विदर्भातल्या लुगड्याचा काठ (४). करवत.

हा क्लू एकाच वेळी सोपा आणि खरा आहे. करवतकाठी लुगडे टसरचे. टसरचा किडा पूर्व विदर्भातल्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर पोसतात. काठ सुती, अंग टसरचे. तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत गुंतवत नेले की कडेला दाते तयार होतात. छापलेले नाहीत, भरलेले नाहीत, विणीतच आलेले. यंत्रमागावर तसे दिसणारे करतात, तसे होत नाही.

०

इरकल चार अक्षरी आणि मात्राहीन, म्हणून आठवड्याआड भेटते. गाव कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. नेसणाऱ्या मात्र सांगली, कोल्हापूर, सोलापूरपासून थेट मराठवाड्यापर्यंत. तिथूनच जवळच्या गुळेदगुड्डाचे खण. इरकलीत अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा; एकेका धाग्याचा फासा दुसऱ्याच्या फाशात अडकवून दोन्ही जोडतात आणि मग पुढे विणतात. पदरावर लाल-पांढरे टोप, देवळाच्या शिखरांसारखे. हे ज्या बाईने एकदा जवळून पाहिले तिला ‘कर्नाटकातील साडी’ हा क्लू अपमानासारखा वाटेल.

०

कोश. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची, आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२पासून निघू लागला. दोन्ही माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात, हाताला लागतील असे. कापडाच्या बऱ्याच शब्दांपुढे या थोर माणसांनीही ‘एक प्रकारचे कापड’ एवढेच लिहून पुढचा शब्द घेतला आहे. त्यांना माफ. हजारो शब्द डोक्यावर होते आणि सकलाद, बानात हे त्यांच्या वाचकाच्या अंगावर नाहीतर बाजारात दिसत होते. नाव घेतले की पुरे होते. आज तो कोश उघडणाऱ्याने बानात पाहिलेलीच नाही. कोडेकार त्या कोशातून शब्द उचलतो आणि अर्थही जसाच्या तसा उचलतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकासाठी लिहिलेला अर्थ आजच्या गिऱ्हाइकाला विकतो.

याउलट चिरगूट. आज चिरगूट म्हणजे फडके, बोळा, फाटका कपडा. जुन्या मराठीत ते साधे वस्त्र होते. ‘वस्त्र (४)’ या क्लूला चिरगूट हे उत्तर देणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला आणि मग दोन शिव्या दिल्या.

०

टेरिकॉट. चार अक्षरे. पुढच्या पिढीतल्या कोड्यांत हा शब्द धाबळीपेक्षा अवघड ठरेल, लिहून ठेवा. भाचीला विचारले. तिला पैठणी माहीत, इरकल माहीत, खणाच्या साडीचे तर तिच्याकडे तीन प्रकार. टेरिकॉट म्हणजे औषध का, असे तिने विचारले. एका अख्ख्या पिढीच्या बापांनी ज्या कापडाची पँट शिवून लग्ने केली, ज्याला इस्त्री लागत नाही म्हणून आयांनी सुटकेचा श्वास टाकला, ते कापड आठवणीतूनही गेले. हातमागाचे नाव घेणारे पुष्कळ आहेत. टेरिकॉट, टेरिलीन, केंब्रिक, फुल व्हॉइल, मांजरपाट यांच्यासाठी कुणी प्रदर्शन भरवत नाही. कोडेकारांनो, हे शब्द जुने झाले आहेत, आता वापरायला काढा.

०

शब्दकोड्यात उभे-आडवे असते आणि कापडातही उभे-आडवे असते, यावर एक छान परिच्छेद लिहिता येईल. लिहीत नाही. तो प्रत्येक जण लिहितो.

०

सोलापूरचे एक स्नेही आहेत, घरात पूर्वी माग होते. पद्मशाली, आजोबा तेलंगणातून आलेले, घरात तेलुगू आणि बाहेर ठसठशीत सोलापुरी मराठी. त्यांना कोड्यांचा नाद नाही. मी एकदा त्यांना माझी वही दाखवली. कापडाच्या शब्दांची यादी त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाले, “ताई, हे सगळे नेसणाऱ्यांचे शब्द आहेत की हो. विणणाऱ्यांचा एक तरी?”

खरोखरच. शालू, शेला, कद, मुकटा, पीतांबर, चंद्रकळा. सगळे दुकानातले, देवघरातले, मांडवातले. ज्या खोलीत हे तयार झाले त्या खोलीतले शब्द कोड्यात जवळजवळ नाहीतच. धोटा कधीमधी येतो, फणी आली तर केसांची येते.

त्यांनी मग सांगायला सुरुवात केली आणि मी लिहून घेतले. ताणा ताणून त्याला खळ लावायची आणि कुंच्याने विंचरायचे ते काम म्हणजे पाजणी. सुताला खळ पाजायची. न पाजलेले सूत मागावर तटातट तुटते. बाण्याचे सूत कांडीवर भरायचे, कांडी धोट्यात बसवायची. कांड्या भरण्याचे काम घरातल्या बायका आणि म्हाताऱ्यांचे, आणि त्याची मजुरी बहुधा हिशेबात धरलीच जात नसे. येवल्याकडे रेशमाची लड उलगडायला बांबूचे हलके साधन असते, त्याला असारी म्हणतात. असारी, पाजणी, दोन्ही तीन अक्षरी. दोन्हींत कोडेकाराला परवडतील अशीच अक्षरे.

०

गिरणीची भाषा तर याहून दूर राहिली. कावसजी दावरांनी मुंबईत कापडाच्या गिरणीसाठी कंपनी काढली १८५४ साली, ताडदेवची गिरणी सुरू झाली १८५६ साली. तेव्हापासून १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तोपर्यंत सव्वाशे वर्षे लालबाग-परळात कोकणी, घाटी मराठीत कापड विणले गेले. तिथे माग म्हणत नसत, साचा म्हणत. साचा खाते, साचेवाला. बाबीण, जॉबर, बदली, मुकादम, भोंगा. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. त्या गावाने आपली निराळी बोली घडवली आणि ती आजही मागाच्या खडखडाटावर ओरडून बोलली जाते.

कोड्यात ‘साचा’ येतो तेव्हा क्लू असतो ‘ठसा’ किंवा ‘मूर्तिकाराचे साधन’. ‘गिरणीत कापड विणतो (२)’ असा एकदाही पाहिला नाही. हा शब्द हजारो घरांत रोज बोलला गेला, त्याच्यावर घरे चालली, गावाकडे मनीऑर्डरी गेल्या. तो अवघड ठरावा आणि शिरोदक सोपा, हे मला पटत नाही.

०

कोडे घालणाऱ्यांना विनंती. वस्त्राचा शब्द वापराच, जितका जुना तितका बरा, पण क्लूमध्ये पुढील गोष्टींपैकी एक तरी येऊ द्या: ते कशाचे आहे, कोण नेसते, केव्हा नेसते, कुठे विणतात. सगळ्या गोष्टी नकोत, एकच पुरे, तेवढ्यावर आम्ही झगडू. आणि वर्षातून एकदा तरी येवले, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर यांपैकी कुठेतरी जाऊन मागावर बसलेल्या माणसाला त्याच्या हाताखालच्या वस्तूंची नावे विचारा. वही न्यायला विसरू नका. तिथले शब्द कोशात सापडतीलच असे नाही.